माझ्या वाटचा विश्वास

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपखुशीने हे लिहून ठेवते. माझ्यामागे ते जसंच्या तसं अमलात यावं.

राहत्या दोन खोल्या भाचीला द्याव्यात. तिने तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या ताईला, हयातभर इथेच सांभाळावं. ताईला आता कोणी ओळखू येत नाही, पण इथे ती शांत बसते.

शिवणयंत्र जावेला. यजमान गेले तेव्हा मला रडू येईना. जाऊ माझ्या वाटचं रडली आणि मला हलकं वाटलं. दीर मात्र चारचौघांत म्हणाले, वहिनींच्या डोळ्यांत टिपूसही नाही. सबब दिरांना काही नाही.

टीव्ही तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्यांना. यजमान विनोदी मालिका बघून खदखदून हसत, मी आत काजं-बटणं करत असे. त्यांचं हसणं ऐकलं की माझी करमणूक व्हायची. ते गेल्यावर मी स्वतः समोर बसून पाहिलं. हसूच फुटेना. इस्त्रीवाले हसले की वरपर्यंत ऐकू येतं.

देवाचं सगळं ताईकडे होतं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी मी निर्धास्त भूल घेतली, कारण बाहेर ती हात जोडून बसली होती. पुढे तिला विसर पडू लागला, तेव्हा मी घाबरून विचारलं, "ताई, तू विसरलीस तर माझं कोण बघणार?"

ती म्हणाली, "अगं, मला आतून कधी काही वाटलंच नाही. तुझी श्रद्धा होती, म्हणून मी हात जोडायचे."

माझी नव्हती, हे मी तिला सांगू शकले नाही. तेव्हापासून मीच देवापुढे हात जोडून बसून बघते. कोणाला काय सांगायचं, सुचत नाही.

माझ्या अंत्यविधीला प्रार्थना कोणी करायची, हे ठरवायचं राहिलं. वकीलबाई म्हणतात, असलं कलम मृत्युपत्रात बसत नाही. तरी लिहिते. ताईला पुढे बसवावं. तिला काही कळणार नाही. पण कोणी तिचे हात जोडून दिले, तर ती ते तसेच धरून ठेवते. मी करून पाहिलंय.

वरील मजकूर वाचून घेतला, मान्य आहे.

सही : शिवणवाल्या काकू
साक्षीदार : तळमजल्याचे इस्त्रीवाले यांचे थोरले बंधू, समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई
ठिकाण : राहती जागा, पुढची खोली
दिनांक : आजचा, सोमवार, सकाळी, ताईसमक्ष