पेंडीची चव

३ नोव्हेंबर

आलो एकदाचे! टेम्पोत कपाट आडवं, कपाटावर गाद्या, गाद्यांवर आमची ठमी आणि ठमीच्या मांडीत भिंतीवरचं घड्याळ, अशी आमची वरात दुपारी कारखान्याच्या फाटकातून आत शिरली. दोन खोल्या, मागे छोटंसं अंगण, नळाला दिवसभर पाणी. बायको आधी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरून नुसता हात फिरवत राहिली. इतके दिवस माझ्या सासूबाईंच्या घरात राहून स्वतःचा ओटा कसा असतो हे ती विसरूनच गेली होती. ठमीने अंगणात उड्या मारल्या आणि हे घर आपलंच का, हे पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. वय वर्षं पाच, पण उलटतपासणी वकिलाची.

चहाची कंपनी बंद पडल्यापासून मी हातावर हात धरून बसलो होतो. चहा चाखणाऱ्याला दुसरं काम कोण देणार? मी ऐटीत म्हणायचो की या जिभेवर मी संसार चालवलाय. त्यावर सासूबाई म्हणायच्या, अजूनही जिभेवरच चालवताय की! इथलं काम मात्र खरोखरच जिभेचं आहे. उद्यापासून रुजू.

५ नोव्हेंबर

काम समजून घेतलं. कडू बियांचं तेल गाळून झालं की जी पेंड उरते ती विषारी असते. तिला कुणी तोंड लावत नाही, म्हणून आजवर फेकून देत. इथे ती चुन्याच्या पाण्यात भिजवतात, हौदात धुऊन काढतात, वाफवतात, सिमेंटच्या अंगणात वाळवतात आणि मक्याच्या भरड्यात मिसळून कोंबड्यांना घालतात. मका आणि सोयाबीन इतके महागलेत की निम्मी पेंड खपली तरी धंदा तरतो. मालकीणबाईंनी स्वतः बरोबर येऊन सगळं दाखवलं. बाई प्रेमळ आहेत, बोलतातही हळू.

पेंडीतलं विष आणि तिचा कडूपणा बरोबरच धुऊन जातात. प्रत्येक लॉटचा नमुना प्रयोगशाळेत जातो, पण तिथला अहवाल येईपर्यंत कोंबड्या काही उपाशी राहत नाहीत. म्हणून तोवरचा निकाल जिभेचा. चिमूटभर जिभेवर ठेवायची, थुंकायची, चूळ भरायची. कडू लागली तर माल परत हौदात. आधी हे काम मुकादम करायचे, आता ते कोंबड्यांच्या शेडवर असतात. गोल गरगरीत, हसरा माणूस, तोंडात सतत काहीतरी चघळत असलेला. मला म्हणाले, आता तुम्ही आलात, माझी जीभ सुटली.

९ नोव्हेंबर

इथल्या नोकरांना अंडी फुकट मिळतात. बायकोला अंड्याचा वास सहन होत नाही, त्यामुळे आख्खा ट्रे माझा आणि ठमीचा. ठमीला अंडं इतकं आवडायला लागलंय की शेजारीणबाई तिला कोंबडीच म्हणतात.

शेजारीणबाईंचा मुलगा फार शहाणा आहे. त्याला ताप आला म्हणून आज आम्ही बघायला गेलो, तर पोराने औषध घेतलं आणि चमचाही चाटून काढला. बायको थक्क झाली. आमच्या ठमीला औषध पाजायचं तर दोघांनी हातपाय धरायचे आणि तिसऱ्याने नाक दाबायचं. कार्टीने त्याच्याकडून थोडं शिकावं.

१५ नोव्हेंबर

आज माझी कॉलर ताठ. मागच्या आठवड्यात मी एक लॉट परत पाठवला होता. सगळे म्हणत होते, झालंय, चांगलंय, उगाच खोळंबा. मी हटून बसलो. अहवाल आला आणि माझंच बरोबर निघालं. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. घरी येऊन मी ते इतक्यांदा सांगितलं की शेवटी बायको म्हणाली, आता त्या जिभेला जरा विश्रांती द्या.

२३ नोव्हेंबर

सकाळचा चहा बेचव लागला. बायकोवर चिडलो. तिने नेहमीचीच पूड घातली होती. मग मी स्वतः बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा भरपूर उकळला, अगदी काळाकुट्ट. इतका कडक चहा तोंडात घेतल्यावर मला त्याची जात, मळा, पावसाआधीची खुडणी की नंतरची, सगळं सांगता यायला हवं.

नुसतं गोडसर पाणी लागलं. सर्दी असेल.

२५ नोव्हेंबर

जेवताना काकडी कडू निघाली. बायकोने पहिली फोड तोंडात घातली आणि थू करून टाकून दिली. ठमीने तीच उचलून खाल्ली आणि अजून मागितली. मीही एक खाल्ली. छान होती. आम्ही बापलेक समोरासमोर बसून आख्खी काकडी संपवली. बायकोला वाटलं, आम्ही मिळून तिची थट्टा करतोय. ती हसली, मग मीही हसलो. पण मला तेव्हापासून काही सुचत नाहीये.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरांनी बॅटरी मारून जीभ बघितली. काही दोष नाही म्हणाले. आज आलेले सगळे लॉट मला सारखेच लागले. अंदाजपंचे निम्मे पास केले, निम्मे परत पाठवले.

सांगायला हवं. पण सांगितलं की नोकरी गेली, नोकरीबरोबर घर गेलं. बायकोने आजच ओट्यावर नवीन मांडणी लावलीय. पुन्हा सासूबाईंच्या दारात तिला कोणत्या तोंडाने नेऊ?

२९ नोव्हेंबर

मार्ग सापडला! नमुने कागदाच्या पुड्यांत बांधून दुपारच्या सुट्टीत घरी आणले आणि बायकोच्या जिभेवर ठेवले. एका पुडीला तिने असं तोंड वाकडं केलं, शी शी करत अशी नळाकडे धावली, की माझा जीव भांड्यात पडला. तिला सगळं सांगितलं. आधी घाबरली. मग म्हणाली, तुमची जीभ बरी होईपर्यंत माझी घ्या उसनी. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

६ डिसेंबर

उसन्या जिभेवर काम चाललंय. पण शेडमधलं बघवत नाही.

कोंबडी तशी चोखंदळ असते. दाण्यात कडू आलं तर चोचीने उडवून देते. आता त्या आमचं चांगलं धुतलेलं खाद्यच खात नाहीत. भांडी भरलेली तशीच. सगळ्या कोंबड्या मागच्या जाळीला चिकटून, एकमेकींच्या अंगावर चढून उभ्या असतात. आवाज नाही. जाळीपलीकडे कच्च्या पेंडीचं गोदाम आहे.

मुकादमांना सांगितलं तर हसले. खिशातून मूठ काढून माझ्यापुढे धरली. ते काय चघळतात ते आज कळलं. कच्ची पेंड. न भिजवलेली, न धुतलेली. मी मागे सरलो.

पण खरं ते लिहितो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

९ डिसेंबर

मुकादम गेले. सकाळी गोदामात सापडले, गोणीला टेकून बसलेले. दोन्ही मुठी भरलेल्या, तोंड भरलेलं. गालाचं कातडं लोंबत होतं. गरगरीत माणूस इतका कधी वाळला हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी तडक मालकीणबाईंकडे गेलो. जिभेचं, कोंबड्यांचं, सगळं ओकून टाकलं. म्हटलं, ही पेंड, तिची अंडी, काहीतरी आपल्यात शिरतंय. आम्ही तिच्यातला कडूपणा काढतो आणि ती आमच्यातला काढून घेते. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, जीभ दमते, मुकादमांचीही दमली होती, सवय होईल. बोलता बोलता त्यांनी टेबलाचा खण उघडला, चिमूट भरली, तोंडात टाकली.

अंडी आजपासून बंद. ठमीने रडून गोंधळ घातला.

११ डिसेंबर

ठमी. दुपारी अंगणात नव्हती. शेजारीणबाईंच्या मुलाबरोबर गोदामामागे सापडली. फाटकी गोणी दोघं चाटत होती. घरी आणेपर्यंत उलट्या. ओठ निळे. तिला उचलून फाटकापर्यंत कसा धावलो आठवत नाही.

दवाखान्यात आहोत. पोट धुतलं. वाचली.

डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, पण आता ती पेंड चिमूटभर जरी पोटात गेली तरी मी काही करू शकणार नाही. इतकी कडूजहर वस्तू एवढ्या पोरीने गिळली तरी कशी, असं त्यांनी मला विचारलं.

ठमीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, ती गोड आहे.

१३ डिसेंबर

घरी आणलं. राजीनामा दिला. सकाळी टेम्पो येईल. मांडणी बायकोनेच उतरवली. सासूबाईंचे टोमणे आयुष्यभर ऐकीन, पण पोर जगली पाहिजे.

ठमी एकसारखी दाराकडे बघते. कड्या लावल्यात. तिच्या तोंडात जाणारा प्रत्येक घोट, प्रत्येक घास आधी बायको चाखते. घरात एक तरी जीभ शाबूत आहे, याचाच आधार.

शेजारीणबाईंच्या घरातून त्यांच्या रडण्याचा आवाज येतोय. त्यांचा मुलगा गेला. बघायला जाण्याचं धैर्य नाही.

१४ डिसेंबर, सकाळ

ठमीला औषध द्यायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, भयंकर कडू आहे, नाक दाबून पाजा. बायकोने आधी बोट बुडवून चाखलं. म्हणाली, चांगलंय की, गोड आहे.

पुन्हा चाखायला सांगितलं. पुन्हा तेच. गोड आहे हो.

ती तर अंडं खात नाही. अंड्याचा वासही तिला—

पुड्या. रोज दुपारी. माझ्याच हाताने तिच्या जिभेवर—

१४ डिसेंबर

आता घरात कडू कुणालाच कळत नाही. ठमीचं पाणीसुद्धा आता कोण चाखून देणार? टेम्पो अजून नाही.

उरलेल्या पुड्या वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. आत्ता बघितलं. फळी रिकामी. बायको म्हणते, फेकून दिल्या. कधी, कुठे, विचारलं. माझ्याकडे बघत नाही. गाल हलतोय तिचा.

ठमी कुठे आहे? ठमी आत्ता इथे—

१४, नंतर

स्वयंपाकघरात होत्या दोघी. ओट्याखाली, जमिनीवर. बायको तिला भरवत होती. किती प्रेमाने. माऊ, काऊ करत.

पुडी हिसकावून घेतली. आता माझ्या हातात आहे. कुणाला देणार नाही. ठमी हात पसरून रडतेय. ओठ पुन्हा निळे. तिला उचलायला हवं. दवाखाना. लगेच.

टेम्पोचा हॉर्न. दाराशीच आलाय. ड्रायव्हर हाका मारतोय.

ठमी रडायची थांबली.

उठतो. तोंडातला हा घास संपला की लगेच उठ—