बसता न येणारं चिलखत

तीर्थस्वरूप दाजी,

नमस्कार (वाकून केला असता, पण कंबर सध्या माझं ऐकत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? आक्का पथ्य मोडू देत नसेलच.

जुन्या काळातला एक योद्धा घरात उभा करायला खरं काय लागतं, ते ऐका: बैठकीचा पडदा, दोन उशांचा कापूस, कारखान्यातला अख्खा पत्रा आणि मुलीचा बाप. तुमची भाची चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेसाठी तिने योद्ध्याचं चित्र काढलं, तर तिचे सर म्हणाले, "हा लढलाय कुठे? दुकानाच्या काचेमागे उभा आहे. असाच राहिला तर वर्ष पुन्हा करा." पोरगी भरल्या ताटावरून उठली.

मी म्हटलं, "अगं, पत्र्यात हयात गेली माझी. खरं चिलखत करून देतो, बघून काढ." केलंही. पण हात पडला पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याचा! सगळे सांधे डाख देऊन पक्के, मुंगी शिरायची नाही. अंगात चढवलं आणि मला ना बसता येईना, ना हात खाली घेता येईनात. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. दोन्ही हात वर करून मी भाव सांगितला (पठ्ठ्याने जन्मात पहिल्यांदा घासाघीस केली नाही). तुमची वहिनी म्हणाली, "राहू दे आठवडाभर. शोभतंय."

पोरीने मात्र कात्रीच्या आधी पेन्सिल आणली. काखेत कुठे रुततं, मानेला कुठे काचतं, सगळं टिपलं. मग पत्र्याच्या पट्ट्या कापून एकीवर एक चढवल्या, चामड्याच्या वादीने ओवल्या, आत कापूस भरला. एक पट्टा मुद्दाम आखूड केला. म्हणाली, "बाबा, हे आधी दुसऱ्या कुणाचं तरी होतं. तो परत आला नाही." दाजी, पेटीत माल असतो एवढंच मला ठाऊक. चिलखतात माणूस असतो, हे या कार्टीने दाखवलं.

नवं चित्र पाहून सर म्हणाले, "याला आधी पाणी द्या कुणीतरी!"

भिंतभर चित्र प्रदर्शनात लागणार आहे. त्यात मी आहे, हे गल्लीभर सांगून झालंय.

तुमचा मेहुणा

ता. क. चेहरा सरांना अजून पसंत नाही, आणि त्याशिवाय पास नाही. पोरगी म्हणते, योद्धा बाईच करते, नजर आत्याची हवी. समोरचा आपोआप मागे सरतो. रविवारी आक्काला पाठवाच. कारण तुम्ही सांगा, माझी छाती नाही.

पुन्हा ता. क. चित्रात योद्धा घोड्यावर बसलेला आहे. घोड्यासाठी मी ओणवा उभा होतो.