सल्ल्याविना वीस मिनिटं

७ सप्टेंबर १९९६, शनिवार

सतरा! सरावाच्या वीस मिनिटांच्या कॅसेटमध्ये सतरा सल्ले! आमच्या शिक्षिका मिसेस सभरवालनी लाल पेन्सिलीने एकेकाभोवती गोल काढला आणि वही अख्ख्या वर्गात फिरवली. "प्रभाजी, आप सुनती बहुत अच्छा हैं. बस, सामनेवाले को बोलने नहीं देतीं."

बावीस वर्षं शाळेत समुपदेशन करतेय मी! आता ही नवी पद्धत शिकायची म्हणून दर शनिवारी गुडगावच्या त्या तळघरात पुन्हा बालवाडीत बसते. या मंडळींचं म्हणणं एवढंच — माणसाला आपलं उत्तर आपलं आपणच सापडतं. आपण फक्त ऐकायचं आणि ऐकलेलं त्याला परत द्यायचं. "असं करून बघा" म्हणायचं नाही. आणि मी कोण? तर ऑटोवाला खोकला की त्याला आल्याचा काढा सांगणारी बाई!

तरी खुशीत घरी आले. दोन बस, अडीच तास, दिल्लीच्या या टोकाला पटपडगंजला उतरेपर्यंत साडीचा चोळामोळा. पण डोक्यात सगळं लख्ख.

५ ऑक्टोबरला एक बिनसल्ल्याची कॅसेट द्यायची, शब्दन् शब्द उतरवून. जमली तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश.

दुसऱ्या वर्षाबद्दल घरात अवाक्षर काढलेलं नाही. श्रीरंग — कागदावर नाव लिहिते, तोंडाने अजून ‘अहो’च — फेब्रुवारीत रिटायर होतात. मार्चमध्ये पुणे. कोथरूडचा फ्लॅट रंगवून तयार आहे, खालच्याच मजल्यावर दीर. मी हो म्हणून बसलेय. मला नाही जायचं. झालं, एकदा लिहून तरी टाकलं.

१० सप्टेंबर

आज शाळेत दोनच सल्ले. तिसरा जिभेवर आला होता, पाण्याबरोबर गिळला.

१५ सप्टेंबर, रविवार

हे म्हणाले, "मी होतो तुझा खोटा पेशंट." पेशंट नाही म्हणायचं, क्लायंट! नियमाप्रमाणे घरचं माणूस समोर बसवायचं नाही, सरावालासुद्धा. मिसेस सभरवालनी तीनदा बजावलंय. पण सराव कुठे करू? भिंतीवर? नाव बदललं की झालं. यांचं नाव दिलीप ठेवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली, तीही दुसऱ्याच्या!

दिलीपची तक्रार : शेजारी याच्या जागेवर गाडी लावतो. दुसऱ्याच मिनिटाला मी म्हटलं, "सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहून द्या ना!" तनया आतून ओरडली, "आई, बिना सल्ला तू दोन मिनटं पण नाही राहू शकत, यार!" कॉलेजात जायला लागल्यापासून कन्येला भलतीच वाचा फुटलीय. हसून हसून पुरेवाट.

१६ सप्टेंबर

गणपती बसले. सगळे जण मनातलं सांगून जातात, तो कुणालाच सल्ला देत नाही. याला सर्टिफिकेट कुणी दिलं?

२२ सप्टेंबर, रविवार

जमलं! जमलं! वीस मिनिटं आणि एकही सल्ला नाही! मध्ये लाइट गेली तरी थांबलो नाही, टेप सेलवर चालू होता. जीभ दातांखाली धरून बसले होते. दिलीपचं आज काहीतरी रिटायरमेंटचं रडगाणं होतं. त्याने वाक्य टाकलं की त्याचीच शेपटी उचलून परत द्यायची, तो गप्प तर मीही गप्प. माझं सगळं लक्ष माझ्याच जिभेवर.

हीच कॅसेट द्यावी का? दिलीप कोण, हे मिसेस सभरवालना कुठे माहितीय! संध्याकाळी यांच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. यांनी तीन खाल्ल्या.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. हे भाजीला, तनया मैत्रिणीकडे. कॅसेट उतरवायला बसले. शब्दच नव्हे, गप्प बसणंही लिहायचं असतं, सेकंद मोजून. तीन शब्द ऐकायचे, बटण दाबायचं, लिहायचं. तेव्हा कुठे ऐकू आलं. तशीच इथे उतरवते —

दिलीप : बायको दर शनिवारी क्लासहून येते ना, तेव्हा जिन्यातच गुणगुणत येते. तीन मजले.
मी : गुणगुणत येते.
दिलीप : आमच्या गावी गेल्यावर ते बंद होणार. (शांतता, १४ सेकंद) ती हो म्हणालीय. पण नुसतीच म्हणालीय.
मी : नुसतीच म्हणाली असं तुम्हाला वाटतं.
दिलीप : विचारत नाही मी. विचारलं आणि तिने खरं सांगितलं तर? भावाने घर धरून ठेवलंय. आयुष्यभर तिथे परत जायचं म्हणत आलो. (शांतता, ४१ सेकंद)

एकेचाळीस सेकंद! आणि त्यात बारीक टक् टक्. यांच्या चष्म्याची डबी. खरं काही बोलायचं असलं की उघड-मीट चालते. पहिल्या भेटीत "मी दिल्लीत असतो, चालेल ना?" विचारलं, तेव्हाही तोच आवाज होता.

दहा दिवसांपूर्वी हे माझ्यासमोर बसून बोलले. मी हातभर अंतरावर. आणि मी काय ऐकलं? माझे न दिलेले सल्ले! लाज वाटली. खूप रडले. मग तोंड धुतलं, भाजी निवडली. यांनी विचारलं, "उतरवलीस?" हो म्हटलं. नुसतंच म्हटलं.

३ ऑक्टोबर, सकाळ

कॅसेट देणार नाही. नियम उगाच नसतात. परवा रिकाम्या हाताने जाईन, महिनाभराची मुदत मागेन.

तनया गेल्यावर चहा टाकला. समोर बसले. म्हटलं, "अहो, मला पुण्याला नाही जायचं."

डबी उघडली. मिटली. सेकंद मोजले नाहीत.

"तुला पुण्याला नाही जायचं," हे म्हणाले. बस, एवढंच! मिसेस सभरवालना ऐकवायला हवं होतं.

मग म्हणाले, "मला जायचंय, प्रभा."

"तुम्हाला जायचंय," मी म्हटलं.

"हो. पण तुला इथे राहायचंय ना, त्यापेक्षा थोडं कमी."