बत्ती बंद करायची नाही

६ जानेवारी, सोमवार

आज चारकोपच्या खोलीत सामान लावलं. मनोरीहून तरीने मार्वेला, तिथून रिक्षा. आईने सुकट आणि भाकऱ्या बांधून दिल्या आणि बजावलं, बाला, रोज फोन कर. नोकरी छापखान्यात आहे. औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर छापायला जाण्याआधी तपासायचा. माझी शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखन पक्कं आहे. पहिल्याच तासात ‘दिर्घ’ पकडला. आमच्या सुपरवायझर नंदाताई म्हणाल्या, झकास रे नितेश, आधीचा स्वतःचं नावही चुकवायचा. खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसते, समुद्र दिसत नाही. मला तेच हवं होतं.

९ जानेवारी, गुरुवार

दुपारी मिनिटभर लाइट गेली. परत आली तेव्हा मी टेबलाखाली होतो. कसा गेलो ते आठवत नाही.

नंदाताईंनी चहाला बाजूला नेलं. त्यांना थोरल्या भावाचं, अनंतादादाचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पहाटे जाळं ओढताना दादा बोटीवरून पडला. आमच्याकडे माणूस पाण्यात पडला की एकाने बोटीच्या काठावर उभं राहून बत्ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत राहायची. पोहणाऱ्याला कळतं, बोट इथे आहे. तो वर येईपर्यंत बत्ती बंद करायची नाही. त्या दिवशी बत्ती माझ्या हातात होती. सेल संपले. दादा सापडलाच नाही.

नंदाताई म्हणाल्या, नवऱ्याच्या अपघातानंतर मला रस्ता ओलांडता येत नव्हता, समुपदेशक पद्मजा मॅडमनी नुसते डोळे फिरवायला लावून बरं केलं. मला हसू आलं. त्या म्हणाल्या, हस, हस, शनिवारी मुकाट जायचं.

११ जानेवारी, शनिवार

गेलो. मॅडमची खोली स्वच्छ, एसी, पडदे ओढलेले. टेबलावर लांब काळी पट्टी. तीत हिरवा दिवा डावीकडून उजवीकडे पळतो, मग परत. मान हलवायची नाही, फक्त डोळे. मनात ती पहाट धरायची आणि दिव्यामागे बघत राहायचं. मॅडम म्हणाल्या, जे येईल ते येऊ दे, अडवू नकोस. चोवीस फेऱ्या झाल्या की दिवा थांबवतात, श्वास घ्यायला सांगतात, काय दिसलं ते विचारतात. शेवटी त्रासाला शून्य ते दहातला आकडा द्यायचा. मी नऊ सांगितला.

फक्त काळं पाणी दिसलं. लांबवर काहीतरी हललं. संध्याकाळी पोटभर जेवलो.

१८ जानेवारी, शनिवार

आकडा सहा. मॅडम खूश.

पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आज पाण्यात डोकं दिसलं. मी नुसतं ‘डोकं’ म्हणालो. मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं, तो कुठे बघतोय? चेहऱ्याचं मी काहीच बोललो नव्हतो. त्यांना कसं कळलं?

तो दिव्याकडे बघत होता. त्याचे डोळे डावीकडे, उजवीकडे. माझ्याबरोबर.

१९ जानेवारी, रविवार

आईला फोन केला. मॅडमचा तिला फोन आला होता का? नाही. नंदाताईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, अरे यार, ती असं सगळ्यांना विचारते, उगाच संशय घेऊ नकोस. घेत नाही. फक्त लिहून ठेवतोय.

२५ जानेवारी, शनिवार

आकडा तीन. दादा जवळ आला आहे. गालाला चिकटलेले केस दिसले.

उठताना माझ्या खुर्चीमागे फरशी ओली होती. मॅडमनी लगेच पुसली. एसी गळतो म्हणाल्या. एसी समोरच्या भिंतीवर आहे. फडक्याला खारा वास होता.

त्रास कमी होतो म्हणून आकडा उतरतो, असं मॅडमना वाटतं. तसं नाही. दादा जवळ येतोय म्हणून उतरतोय. आमच्या पाण्यात हलत्या दिव्याचा एकच अर्थ असतो. इकडे ये.

इथे खरं लिहितो. सेल संपले नव्हते. दादा दिसत नव्हता, उजाडायला वेळ होता, सेल जुने होते. पुढे लागतील म्हणून मीच बत्ती बंद केली. दोन मिनिटं. परत लावली तेव्हा पाणी रिकामं होतं. आईला, बोट चालवणाऱ्या तांडेलला, सगळ्यांना सांगितलं, सेल संपले.

२९ जानेवारी, बुधवार

शनिवारी जायचं नाही.

पण गेलो नाही तर— तो अर्ध्यात आहे. दिवा बघून निघालाय. आता थांबवणं म्हणजे दुसऱ्यांदा—

१ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

गेलो. मॅडमना म्हटलं, चोवीसवर थांबवू नका, चालूच ठेवा. त्या म्हणाल्या, बरं, तुझ्या मनासारखं. आकडा एक. दादाचा हात पुढे आला.

आणि लाइट गेली.

पडदे ओढलेले, काही दिसेना. मॅडम म्हणाल्या, घाबरू नकोस, मी तुझा हात धरलाय. मग म्हणाल्या, एवढा गार का रे? आणि ओला?

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

पळालो. पुन्हा त्याला अंधारात टाकून—

संध्याकाळ, ६.४०

मोबाइलची बत्ती लावली आहे. डाव्या हाताने हलवतोय, उजव्याने लिहितोय. ११ टक्के. चार्जर छापखान्यात राहिला. मी कधी काही विसरत नाही.

६.५५

जिन्यात पावलं. ओली. एक मजला, थांबतात. खोलीत सुकटीचा नाही, खोल पाण्याचा वास.

हात भरून आलाय. बंद करणार नाही.

७.०२

३ टक्के. दाराची कडी काढून ठेवली आहे. फटीतून पाणी आत—

डावीकडे. उजवीकडे. इथे आहे दादा, इथे—

१ टक्का. कुणाला ही वही सापडली तर आईला सांगा, मी बंद केली नाही. या वेळी खरंच सेल—