चौदा नावांची फर्माईश

डीमन, २२ नोव्हेंबर २०२०

चि. रवींद्र,

(एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो, पण धाकटा तो धाकटाच.) तुला ताईचे आशीर्वाद, रागासकट. गुडघा कसा आहे हे विचारायला आठवडाभर फोन करतेय आणि तू उचलत नाहीस. भाऊबीजेला आले नाही म्हणून रुसलास, हे कळलं. अरे, फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी हॉलंडला लेकाकडे आले, दोनदा तिकीट रद्द झालं, आणि तिसऱ्यांदा काढायला श्रीहर्ष तयार नाही. म्हणतो, या वयात विमानात नको. यात माझा काय गुन्हा? एकोणसत्तर वर्षांत पहिल्यांदा तुला ओवाळायचं राहिलं, ते मलाही लागलंय. फोन घेतला असतास तर तोंडी ऐकवलं असतं, आता बस वाचत.

इथं माझ्या करमणुकीसाठी सूनबाईंनी एक बोलका डबा आणलाय. गाण्याचं नाव घेतलं की वाजवतो. अपूर्वाला वाटलं मी हरखून जाईन. मी म्हटलं, बाई, याला गाणं ऐकणं म्हणत नाहीत, नळ सोडणं म्हणतात. आपण सांगलीत मीडियम वेव्हवर कान लावून बसायचो, रेडिओची पेटी खिडकीकडे तिरकी करायचो, खरखरीतून आवाज वर आला की बाबासुद्धा पेपर खाली ठेवायचे. गाणं लागेल की नाही याचा भरवसा नसायचा, म्हणून तर लागलं की आठवडाभर पुरायचं. डब्याला हे समजावण्यात अर्थ नाही. (सूनबाईंनाही नाही, पण ती गुणाची आहे.)

तर मी माझा ट्रान्झिस्टर काढला. इथं मीडियम वेव्हवर आता नुसती राख उरलीय. खालच्या मजल्यावरचे यान आजोबा सांगतात, त्यांच्या तरुणपणी समुद्रात जहाज उभं करून त्यावरून गाणी लावायचे आणि अख्खा देश ऐकायचा. पुढे सरकारनं जहाजांवर बंदी घातली, आणि नंतर जमिनीवरचे मोठाले मनोरेही बंद झाले. म्हणजे मूर्खपणा सगळीकडे सारखाच. पण त्यांनी एक गंमत सांगितली. जवळच्या गावात एक निवृत्त वायरमन परवाना काढून बागेतल्या शेडमधून जुनी गाणी लावतो, दर रविवारी अकरा वाजता, आणि पोस्टकार्डावर फर्माईश घेतो. पोस्टकार्डावर, रवी. मला तर त्या माणसाची दृष्ट काढावीशी वाटली.

आता या घरात ते केंद्र लागणं म्हणजे दिव्य. शेगडी विजेची, दिवे विजेचे, चार्जर ढीगभर, आणि सगळ्यांची खरखर माझ्याच ट्रान्झिस्टरमध्ये. म्हणून रविवारी अकराला मी घराचा मेन स्विचच बंद करते. एकदा श्रीहर्ष दुबईतल्या साहेबाशी कॉम्प्युटरवर बोलता बोलता मध्येच गायब झाला. त्यावर घरात जे बोलणं झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

भाऊबीजेच्या आधी मी फर्माईश धाडली. कशी लिहायची ते का मला शिकवायचंय कुणी? बाईच्या आवाजातलं कुठलंही चांगलं गाणं, प्रसंग भाऊबीज, पूर्ण पत्ता तिसऱ्या मजल्यासकट, आणि खाली नावं: रवींद्र, कुमुदिनी, श्रीहर्ष, अपूर्वा, नात इरावती, मग जयप्रकाश, नीलिमा, अश्लेषा आणि बाकीची आपली सांगलीची मंडळी. चौदा भरली. शेवटी, समस्त मित्रमंडळ.

गेल्या रविवारी त्यानं ती सगळी सुरुवातीलाच वाचली, गाणं मात्र शेवटाला ठेवलं. उच्चारांचं सोड, जयप्रकाशचं त्यानं पार भरीत केलं. पण फर्माईशीत साऱ्या गोताची नावं घालायची आपली रीत त्या भल्या माणसाला कुठली ठाऊक? वर त्यानं कौतुकानं सांगितलं (इरावतीनं मला अर्थ सांगितला), की डीमनमध्ये या पत्त्यावर चौदा जण आणि त्यांचं मित्रमंडळ सण साजरा करायला जमलेत. आणि त्या आठवड्यात घरी दोनच पाहुणे बोलवायची परवानगी.

अर्ध्या तासात खेमेंटेची, म्हणजे इथल्या म्युनिसिपालिटीची, दोन माणसं दारात. कुणी कळवलं देव जाणे. दाराबाहेर आमच्या चौघांच्या चपला-बुटांचे अकरा जोड, आत करंज्यांचा घमघमाट, आणि मेन स्विच बंद म्हणून बोळात अंधार. त्यांची खात्रीच पटली. एकानं पडद्यामागे पाहिलं, दुसऱ्यानं न्हाणीघरात. श्रीहर्ष वर शर्ट आणि खाली पायजमा अशा अवतारात माफी मागत होता, जशी काही मी दारूची भट्टी लावलीय. मग त्या धाकट्यानं यादी काढून इंग्रजीत मलाच विचारलं, यातला पहिला रवींद्र कुठं आहे?

मी सांगितलं, सांगलीत आहे आणि रुसलाय. माणसं समोर असती तर मी रेडिओवर कशाला नावं घेतली असती, तोंडावर नसतं बोलले? हे त्याला पटलं असावं, कारण त्यानं वही मिटली. मी करंज्यांची ताटली चपलांच्या कपाटावर ठेवून दीड मीटर मागे सरकले, तर म्हणतो, ड्यूटीवर खाता येत नाही. सणाच्या दिवशी माणूस दारातून कोरडा परत गेला, याचा मला अजून संताप येतोय. श्रीहर्षनं आता हुकूम काढलाय, यापुढे फर्माईशीत घरातल्या चौघांचीच नावं. मला हुकूम, माझ्या पोटच्या पोरानं.

गुडघ्याला तेल लाव, मास्क हनुवटीवर नव्हे नाकावर लाव.

तुझी, अजून रागातच असलेली,
कुमुदिनीताई

ता. क. गाणं कुठलं लागलं ते विचारशील, म्हणून सांगते. ते वाजत असतानाच माणसं दारात आली. मी ऐकलंच नाही.

ता. क. २. खरं सांगू? बाकीची तेरा नावं भरतीची होती. मला एकट्या तुझंच नाव ऐकायचं होतं. पण रेडिओवर एकट्याचं नाव वाचलं की हरवलेल्या माणसाची सूचना वाटते, ते मला सोसलं नसतं. मी पुन्हा कार्ड टाकलंय, हुकूम मोडून, फक्त दोन नावांचं. दर रविवारी इथं अकराला, म्हणजे तुझ्याकडे दुपारी साडेतीनला, मी मोबाईल ट्रान्झिस्टरला लावून बसणार आहे. ज्या रविवारी वाचेल त्या रविवारी वाचेल. बोलू नकोस हवं तर, नुसता फोन उचल.