चेसमध्ये खो नसतो

१० जानेवारी, शुक्रवार. वादी कबीर, मस्कत

मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात यंदा कॉन्ट्रा डान्स. बसवणार मी. अमेरिकेत ट्रेनिंगला होतो तेव्हा तीन शनिवार नाचलोय. मस्कतमध्ये एवढा अनुभव कुणाला आहे? दोन रांगा समोरासमोर, कॉलर ओरडेल ते करायचं. कॉलर अर्थात मी. शेवटच्या गाण्याला विद्या माझी पार्टनर. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एकदाही एकत्र नाचलो नाही. आता ७ फेब्रुवारीला नाचणारच. ती 'बघू' म्हणाली. म्हणजे हो.

१४ जानेवारी, पहाटे ५.२०

नाचात चेस, म्हणजे पाठलाग, घातला. पुरुषांनी बायकांच्या मागे अर्धा गोल धावायचं. विद्या म्हणाली, मागून कुणी आलं की मानेवर काटा येतो, ते काढ. मी समजावलं, कम्फर्ट हा सवयीचा भाग आहे. सेफ्टी ऑफिसर आहे मी, साइटवर हेल्मेटबद्दलही सगळे आधी कुरकुरतात. इराला विचारलं. 'इट्स क्रीपी, बाबा' म्हणाली. मराठीत सांग म्हटलं. बराच वेळ शब्द शोधून 'घाण' म्हणाली. मुलीचं मराठी फार कच्चं राहिलंय. उद्यापासून रोज अर्धा तास वाचन.

१७ जानेवारी, शुक्रवार

पहिली प्रॅक्टिस. चेस कुणालाच कळेना. शेवटी म्हटलं, खो-खो समजा. हे ऐनवेळी सुचलं याचा अभिमान वाटतो. 'यल्ला', म्हणजे अरबीत चला, म्हणालो. मंडळाचा अध्यक्ष प्रसाद, वजन एकशे चार किलो. त्याने पुढे धावणाऱ्या पार्टनर किशोरीच्या पाठीत असा खो घातला की ती थेट समोशांच्या ट्रेवर. खो आपल्याच गड्याला देतात, पळणाऱ्याला नाही, हे अध्यक्षांना माहीत नाही! किशोरीने उठून त्याच ट्रेने त्याला हाणलं. दोनदा. चटणी पंख्यापर्यंत. एकंदर एनर्जी उत्तम.

२४ जानेवारी, शुक्रवार. डाव्या हाताने लिहितोय

बायकांच्या तक्रारी आल्या होत्या. मी मोठ्या मनाने नियम उलटा केला, आज बायका पुरुषांच्या मागे. कम्फर्टचा प्रश्न खलास. प्रात्यक्षिकाला पुढे मी, मागे किशोरी. ती कुडाळच्या शाळेत खो-खोची कॅप्टन होती, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. मागून पावलं ऐकू आली तेव्हा मानेवर काटा आला. एसी फार होता. तिने डाइव्ह मारून माझा घोटा धरला. मी फरशीवर, माझ्यावर प्रसाद. पाय अडकला म्हणतो. नुकसान: दात एक, मनगट एक. बायकांनी टाळ्या वाजवल्या. विद्याच्या सगळ्यात मोठ्या. नवऱ्याला धीर देत असावी.

क्लिनिकमध्ये डॉक्टर खुदेजांनी विचारलं, कसं झालं. म्हटलं, चेस. कोण मागे लागलं होतं, पोलिसांना कळवू का, म्हणाल्या.

३१ जानेवारी, शुक्रवार

मंडळाची मीटिंग. चेस काढला. किशोरीने सुचवलं, समोर येऊन हात पुढे करायचा, समोरच्याने धरला तर दोघांनी शेजारी शेजारी जायचं, नाही धरला तर नाही. मी प्लास्टरचा हात आपटून विरोध केला. फार दुखलं. मग विद्या बोलली, सगळ्यांसमोर. हा किचनमध्ये माझ्या मागे उभा राहून मीठ किती ते सांगतो, गाडीत मागे बसून गिअर सांगतो. मला मागे कुणी नकोय, म्हणाली.

बहुधा नाचाबद्दल बोलत होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्नेहसंमेलन झालं. कॉलर किशोरी. मला लॅपटॉपवर गाणी लावायला बसवलं. कुणी पडलं नाही, कुणी कुणाला मारलं नाही. विद्या सगळ्यांबरोबर नाचली. तिला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

शेवटच्या गाण्याआधी उठलो. तिच्या समोर जाऊन डावा हात पुढे केला, माझ्याबरोबर नाचशील का म्हणून विचारलं. आजवर तिला कधी काही विचारलंच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं, हे तिथे उभा असताना कळलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. नको म्हणाली. रागाने नाही, चहा नको म्हणावं तशी.

फार वाईट वाटलं. परत येऊन गाणं लावलं. ती त्यावर नाचली.