रॉकेल, ईथर आणि एरंडेल

३ जाने. १९८४, मंगळवार
भाऊजी आज सकाळच्या एस.टी.ने निफाडला गेले. दारात चपला घालता घालता म्हणाले, "वहिनी, दादाला कळत असतं तर मी विषयच काढला नसता. पण त्याला काही कळत नाही. मग इथं दिवसभर एकटा बसण्यापेक्षा आईजवळ बसेल." वाईट काहीच बोलले नाहीत. म्हणून जास्त लागलं. २९ तारखेला, रविवारी, जीप घेऊन ह्यांना न्यायला येणार आहेत.

डॉ. म्हणतात, अर्धांगाच्या झटक्यानंतर वाचा यायची तर पहिल्या वर्षातच येईल, रोज व्यायाम करून घ्या. पाच महिने गेले. गावी कोण करून घेणार? सासूबाई जीव लावतील, भरवतील, पण त्या स्वतःच बोलतील आणि स्वतःच उत्तर देतील.

ह्यांच्याकडे एकच शब्द उरलाय. "हो." चहा हवा? हो. नको? हो. मी कोण, बायको ना? हो. शेजारीण ना? हो.

५ जाने., गुरुवार
माळा आवरताना ह्यांचं इंजिन सापडलं. अंड्याएवढं, पंखा लावलेलं. आठ वर्षं दर रविवारी हा अंबडच्या कारखान्यातल्या टूलरूममधला माणूस देवळाली कॅम्पच्या मैदानावर तारेला बांधलेली छोटी विमानं गरगर फिरवायचा. मी आठ वर्षं कुरकुर केली.

इंजिन ह्यांच्या डाव्या हातात दिलं. अंगठा सरळ पंख्यावर गेला आणि टिचकी मारली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे. माझ्या मागच्या भिंतीकडे नाही.

ठरवलं. २९ ला भाऊजींसमोर हे इंजिन ह्यांच्या हातून चालू करायचं. याच्या डोक्यावरचा स्क्रू किती पिळायचा हे कळणाऱ्या माणसाला "काही कळत नाही" असं कोण म्हणेल?

पण तेल? ह्यांची तेलाची बाटली मी सप्टेंबरात शिळं रॉकेल समजून मोरीत ओतली. स्वच्छतेचा झटका. हे अंदाजाने मिसळायचे, कुठे लिहून ठेवलेलं नाही. आज विचारलं, "रॉकेल एक भाग घालायचं?" हो. "दोन भाग?" हो. "की घालायचंच नाही?" हो.
मोरीत जाऊन बसले. जोरात रडता येत नाही, भिंत पातळ आहे.

८ जाने., रविवार
स्कूटर टू-स्ट्रोक, हेही टू-स्ट्रोक. मोठा शोध लावल्यासारखी द्वारका नाक्यावरच्या पंपावर गेले, ऑइल घातलेलं पेट्रोल अर्धा लिटर घेतलं. इंजिन फळीवर घट्ट बसवलं आणि सकाळभर पंखा फिरवला. हूं की चूं नाही. तर्जनीचं नख अर्धं गेलं. घरभर पेट्रोलचा वास. हे भिंतीकडे बघत होते.

१० जाने., मंगळवार
शाळा सुटल्यावर बसने देवळाली कॅम्प. ह्यांच्याबरोबर विमानं उडवणारे हवालदारसाहेब (ह.सा. लिहीन, बोट दुखतंय) आता रिटायर होऊन तिथेच राहतात. पेट्रोलचं ऐकून कपाळाला हात लावला. "भाभी, इसमें प्लग है क्या? नहीं ना? फिर पेट्रोल को जलाएगा कौन?"

ठिणगी नाहीच यात. दाबानेच पेट घ्यायचा, आणि दाबाने पेटतं ते ईथर. ईथर, रॉकेल, एरंडेल, तिन्ही सारखी. थंडीत ईथर जरा जास्त. एरंडेल "एकदम शुद्ध, दुकान का बालों वाला नहीं". चालू झालं की दाब कमीजास्त करणारा डोक्यावरचा स्क्रू पाव वळसा सैल करायचा, नाहीतर ठोकत राहतं आणि बंद पडतं. "वो तो आवाज़ सुनके करता था. हम सब उसको पूछते थे."

येताना बसमध्ये हेच आठवत होतं. सगळे ह्यांना विचारायचे. मला कधी कोणी सांगितलं नाही.

१२ जाने., गुरुवार
शाळेच्या प्रयोगशाळेत ईथरची एक बाटली आहे, सील न फोडलेली. मुख्याध्यापकांना खरं ते सांगितलं. त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "घेऊन जा, बाई. रजिस्टरला मी लिहितो, उडून गेलं. ईथर उडतंच." जयभीम करून बाहेर आले, तोवर डोळे भरले होते.

१४ जाने., शनिवार. संक्रांत
शेजारणी तिळगूळ द्यायला आल्या, त्यांना घाईने वाटेला लावलं. स्टोव्ह विझवून, खिडक्या उघडून मिसळलं. एरंडेल कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडचं. हिरवटसर, वास गुलाबाचा. बाविसाव्या टिचकीला फट्. मग फट् फट्. धूर. हे ताठ बसले. देवाशप्पथ ताठ बसले (मी देव मानत नाही, पण शप्पथ हीच तोंडात येते).
चालू मात्र राहिलं नाही. उरलेलं उद्यासाठी बाटलीत ठेवलं, कागदाचा बोळा लावून.

१५ जाने., रविवार
बाटलीत दोन थर. खाली एरंडेल, वर रॉकेल. या दोघांचं एकमेकांशी जमत नाही, ईथर मध्ये असेल तोवरच ती एकत्र नांदतात. आणि ईथर रात्रभरात कागदातून गेलं.
मी, जी आठवीला बाष्पीभवन शिकवते. बुचाऐवजी कागद.
शाळेतून आणलेल्या ईथरपैकी आता जेमतेम अर्धं. उरलेलं काचेच्या बुचाच्या बाटलीत, वरून मेण.

१६ जाने., सोमवार
भाऊजींचं कार्ड. ओसरीवर ह्यांच्यासाठी नवी बाज विणली. सासूबाईंनी गोधडी उसवून नव्याने शिवली. किती प्रेमाने घेऊन चाललेत माझ्यापासून.

१८ जाने., बुधवार
एरंडेल स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळतं, दुसरी तेलं विरघळत नाहीत. एवढं तरी माझ्या सायन्सचं कामी आलं. किराणावाल्याचं तेल परीक्षानळीत घालून हलवलं, दुधासारखं गढूळ. म्हणजे निम्मं भलतंच तेल.

अर्धी रजा टाकून नदीकाठी, गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात गेले. पेठ गावाकडची एक बाई एरंडाच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून घरी काढलेलं तेल घेऊन बसली होती. तिथेच नळीत स्पिरिट घालून बघू लागले तर हसली. "बाई, औषधाला का दिव्याला?" इंजिनाला म्हटलं. "इंजनाला? ते हागल नाय का?" दोघी हसलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले असेन.
नळी पाण्यासारखी नितळ राहिली. सगळं घेतलं.

२० जाने., शुक्रवार
त्या तेलात पाण्याचा अंश होता. मंद आचेवर ठेवलं, तडतड पूर्ण थांबेपर्यंत. मग फडक्यातून दोनदा गाळलं. इंजिन रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, आतला चिकटा सुटायला. हे बघत होते. की विस्तवाकडे बघत होते?

२२ जाने., रविवार
चाललं.
दहाव्या टिचकीला लागलं, ठोकू लागलं, मी घाबरत स्क्रू पाव वळसा सैल केला आणि एकदम आवाज मोकळा झाला. अर्धा मिनिट तरी चाललं असेल. वरचे दाते खाली आले, आवाज बंद करा म्हणाले. त्यांना तिळगूळ दिला.
ह्यांचा हात स्क्रूवर ठेवला होता. त्यांनी फिरवला नाही. वाट बघितली, बघितली, मग मीच फिरवला. चालू असताना हे खिडकीबाहेर बघत होते.

२४ जाने., मंगळवार
आज थोडं तेल वाया घालवून परत. स्क्रू फिरवला नाही. "फिरवा ना." हो. "सैल करा, ऐका, ठोकतंय." हो. मी ओरडले. आजारी माणसावर ओरडले. त्यांनी मान खाली घातली. ती मी ओरडल्यामुळे की नुसतीच पडली, तेही सांगता येत नाही.

२६ जाने., गुरुवार
झेंडावंदन करून घरी आले. भरवताना ह्यांनी चमच्याला टिचकी मारली. इंजिनाला मारतात तशीच. मग कंगवा हातात दिला. त्यालाही टिचकी. माझ्या बोटालाही.
म्हणजे ५ तारखेलासुद्धा
नको लिहायला.

२८ जाने., शनिवार
एकदाच पुरेल एवढं ईथर आहे. ह्यांचे कपडे भरून ठेवावे की नाही? भरले. मग काढले. मग परत भरले.

२९ जाने., रविवार
दहाला जीप आली. भाऊजींनी आत आल्याबरोबर ह्यांच्या पायावर हात ठेवला, ड्रायव्हरला वळकटी न्यायला सांगितली. म्हटलं, पाच मिनिटं थांबा, भाऊजी. एक बघा. त्यांना वाटलं मी कागदपत्रं काढतेय.

फळी ओट्यावर ठेवली. ह्यांना खुर्चीत समोर बसवलं, डावा हात स्क्रूवर, बोटं घसरू नयेत म्हणून वर माझा डावा हात. उजव्या हाताने मी पंखा फिरवत होते. भाऊजी खुर्चीच्या मागे उभे. तिथून ह्यांचं मनगट आणि माझी पाठ एवढंच दिसतं. हे मी आधी उभं राहून बघून ठेवलं होतं. इथे तरी खरं लिहावं.

लागलं. ठोकू लागलं. मी थांबले. मोजून पाच ठोक्यांपर्यंत थांबले असेन. इंजिन दम तोडायला लागलं. मग स्क्रू फिरला आणि आवाज मोकळा झाला, सगळी चाळ ऐकेल असा.

"दादानं फिरवला?"
"मग कोणी?" मी म्हटलं. मागे वळून न बघता.

भाऊजी ह्यांच्यासमोर उकिडवे बसले. "दादा, मला वाटलं तुला कळत नाही रे. मी तुला गाठोड्यासारखा न्यायला आलो होतो." हुंदके देऊन रडले. हे म्हणाले, "हो."

वळकटी परत आत आली. जीप रिकामी गेली.

१ फेब्रु., बुधवार
भाऊजींचं पत्र. गावात सगळ्यांना सांगितलं. सासूबाई म्हणतात, मुलगा तुझ्याजवळच राहू दे, शिकू दे बोलायला. बाज तशीच ठेवलीय, तो पाहुणा म्हणून येईल तेव्हा लागेल म्हणतात. मला म्हणतात, तू होतीस म्हणून.

सकाळ-संध्याकाळ व्यायाम. "आ" म्हणा. हो. "प" म्हणा. हो.

३ फेब्रु., शुक्रवार
पाच दिवस तेच आठवून बघतेय. माझी बोटं वर, ह्यांची खाली. मी फिरवलाच. पण त्याच्या किंचित आधी खालून काही हललं होतं का? कधी वाटतं, हललं होतं. कधी वाटतं, इंजिनाचीच थरथर. आता निफाडपासून कॅम्पपर्यंत सगळे खात्रीने सांगतात, ह्यांना कळतं. ह.सा. बसने येऊन ह्यांना मिठी मारून गेले. विचारायला मला कोणी उरलं नाही.

खरं तर परत करून बघणं सोपं आहे. तेल आहे, रॉकेल आहे. ईथर संपलंय, पण मुख्याध्यापक आणखी मागवून देतो म्हणाले, नुसतं एकदा सांगा, बाई.

मी सांगितलेलं नाही.